पाय धुण्याचा पुरावा

जून २०१७ मध्ये दीपमाला तायडे यांनी एका आढाव्याचं काम हाती घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये तो छापून आला. मधल्या काळात त्या बसून नव्हत्या. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण त्या आढाव्यात एक नाव माझंही आहे.

अकोल्याबाहेरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. दीपमालाबाई तिथं ग्रंथपाल. राहायला अमरावतीला, फ्रेजरपुऱ्यात. सकाळी बडनेऱ्याहून गाडीनं यायच्या, संध्याकाळी परत जायच्या. तेव्हा वय सेहेचाळीस. लग्न केलं नव्हतं. घरी वडील पुंजाजी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले पोस्टमन. बाईंच्या ग्रंथालयात जुनं पुस्तक परत केल्याशिवाय नवं मिळत नसे, आणि हा नियम विभागप्रमुखांनाही लागू होता. त्यामुळे त्या फारशा लोकप्रिय नव्हत्या, पण ग्रंथालयातलं पुस्तक कधी हरवलं नव्हतं.

आढावा म्हणजे काय ते आधी सांगतो. एखाद्या उपचारावर जगभरात जेवढे अभ्यास झालेत ते सगळे शोधायचे, आपल्याला न आवडणारेही घ्यायचे, आणि सगळ्यांचं मिळून काय निघतं ते सांगायचं. डॉक्टर लोक एका अभ्यासावर फार भरवसा ठेवत नाहीत, आढाव्यावर ठेवतात. त्यामुळे आढाव्याला सगळ्यात आधी लागतो शोधणारा माणूस. आमच्याकडे तो दीपमालाबाईंच्या रूपानं होता.

विषय काढला डॉ. अंकुर बोंडे यांनी. चर्मरोग विभागातले तरुण डॉक्टर, हुशार, घाईत असलेले. प्रश्न असा होता: हत्तीपाय झालेल्या माणसानं सुजलेला पाय रोज साबण-पाण्यानं धुऊन कोरडा केला, तर अधूनमधून पाय लालभडक होऊन ताप चढतो ते कमी होतं का? बोंडेसरांचा अंदाज होता की काम वर्षभरात संपेल. त्यांच्या बढतीच्या अर्जात तेवढी एकच जागा रिकामी होती.

पुंजाजींचा डावा पाय तिसाव्या वर्षापासून सुजलेला होता. सायकलवरून टपाल वाटताना ते पायजम्याचा एक पाय वेगळ्या मापाचा शिवून घेत. वर्षातून चार-पाच वेळा पाय पेटायचा, थंडी वाजून ताप यायचा आणि आठवडाभर ते खाटेवर पडून असत. हे दीपमालाबाईंनी बोंडेसरांना सांगितलं नाही. त्यांनी फक्त प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि किती भाषांतले अभ्यास धरायचे ते विचारलं.

शोधात दोन हजार आठशे एकेचाळीस लेख निघाले. नियम असा की दोन माणसांनी सगळी यादी वेगवेगळी चाळायची, एकमेकांचं न बघता. पटलं नाही तिथं तिसऱ्यानं निवाडा करायचा. दोघं म्हणजे बोंडेसर आणि दीपमालाबाई. तिसरा मी. त्रेसष्ट ठिकाणी त्यांचं पटलं नाही. त्यातल्या एकसष्ट ठिकाणी बाई बरोबर निघाल्या. उरलेल्या दोन ठिकाणी कोण बरोबर होतं ते मला अजून कळलेलं नाही.

चाळता चाळता एका लेखात पाय कसा धुवायचा याची चित्रं होती. पुढच्या रविवारी बाईंनी अंगणात स्टूल ठेवलं, घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि साबणाची नवी वडी फोडली.

“हे काहून?” पुंजाजींनी विचारलं.

“पाय धुवायचा हाय बाबा. रोज. अन् बोटाच्या मंधातलं पाणी पुसून काढायचं.”

“मी आंघोय करतो ना रोज.”

“तं काय झालं. हा वेगळा धुवायचा.”

पुंजाजींनी टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली होती, त्यामुळे कारण न सांगितलेला हुकूम पाळायची त्यांना सवय होती. ते रोज धुवायला लागले. आधीच्या वर्षी पाय पाच वेळा पेटला होता. त्या वर्षी दोनदा पेटला. पुढच्या वर्षी एकदा. त्यांनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं टिपून ठेवलं होतं.

बाईंनी मला हे फार उशिरा सांगितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “एक माणूस म्हणजे पुरावा नाही, मला माहीत आहे सर.” घरी वडिलांनाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. पुंजाजी म्हणाले होते, “मंग दुसरा मी कुठून आणू?”

गाळून गाळून अकरा अभ्यास उरले. त्यांचं मिळून गणित मी केलं. धुण्यानं फायदा दिसत होता. डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही आढावा परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला. पहिलं नाव बोंडेसरांचं. दुसरं त्यांच्या विभागप्रमुखांचं, कारण ते विभागप्रमुख होते. तिसरं बाईंचं, चौथं माझं. तिथून लगेच उत्तर आलं की तुमचा लेख मिळाला. त्यानंतर नऊ महिने निर्णय आला नाही.

लेख छापायच्या आधी त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना तपासायला देतात. त्यांना समीक्षक म्हणतात. हे काम ते फुकट करतात, त्यामुळे त्यांना घाई करता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई नियतकालिकाला नम्र पत्र लिहायच्या, आणि आम्ही समीक्षक शोधत आहोत असं उत्तर यायचं. पुंजाजी दर महिन्याला विचारायचे.

“आलं काय छापून?”

“नाई बाबा. समीक्षक भेटून नाई राहिला.”

“पत्ता बरोबर टाकला होता ना?”

त्यांच्या काळात एक पत्र टेबलावर चार दिवस राहिलं तर मेमो मिळत असे. चार महिने म्हटल्यावर त्यांना ते पत्र हरवलं आहे असंच वाटायचं, आणि मुलगी ते आपल्यापासून लपवते आहे अशी शंकाही यायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये बाईंना सत्यभामा ढोके यांचा फोन आला. त्या दीपमालाबाईंच्या शाळेतल्या मैत्रीण, तिवस्याजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका. मी तेव्हा ग्रंथालयातच बसलो होतो, म्हणून अर्धं संभाषण ऐकलं. उरलेलं बाईंनी नंतर सांगितलं.

“दीपे, माह्या गावात बारा जणांचे पाय सुजले हायत,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “कोणी गोया देऊन राहिला, कोणी पाला बांधून राहिला. तू याच्यावरच लिहून राहिली ना? काय निघालं?”

“थे सांगता येत नाही.”

“निघालं नाही काय?”

“निघालं. छापून याचं हाय.”

“कधी येते?”

“समीक्षक भेटला की.”

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, “मी त्यायले काय सांगू? समीक्षक भेटेपर्यंत थांबा म्हणू?”

बोंडेसरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं की छापून येण्याआधी निष्कर्ष कुठं बोलायचा नाही, नाहीतर लेख परत येईल. बाई नियम मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आल्या.

“सर, आपला आढावा सांगता येत नाही.”

“नाही.”

“पण त्यातले अकरा अभ्यास तर केव्हाचे छापलेले आहेत.”

“आहेत.”

“वाचकानं मागितलेला छापील लेख शोधून देणं हे ग्रंथपालाचं काम आहे.”

“आहे.”

“मग सत्यभामा वाचक झाली तर?”

ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी एक अर्ज असतो. मी अकरा वर्षांत तो कुणी भरलेला पाहिला नव्हता. बाईंनी तो सत्यभामाबाईंकडून रीतसर भरून घेतला, दोन फोटो लावले, शिक्का मारला, कार्ड दिलं. त्यानंतर दर आठवड्याला एक लेख त्या मोबाईलवर पाठवू लागल्या. लेख इंग्रजीत, म्हणून सोबत अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी. कोणी, कुठं, किती माणसांवर, काय केलं, काय झालं. अकरा आठवडे, अकरा चिठ्ठ्या. निष्कर्ष एकाही चिठ्ठीत नव्हता. अकरावी चिठ्ठी वाचूनही तो न कळणारा माणूस मात्र शोधावा लागला असता.

नोव्हेंबरपासून सत्यभामाबाईंनी उपकेंद्राच्या ओट्यावर दर शुक्रवारी पाय धुण्याचा कार्यक्रम सुरू केला. घमेले, साबण, जुन्या धोतराचे स्वच्छ फडके. शुक्रवारी शिकायचं, बाकीचे दिवस घरी करायचं. त्यांनी एक रजिस्टर घातलं: नाव, गाव, या महिन्यात पाय किती वेळा पेटला. आजूबाजूच्या गावांतूनही लोक येऊ लागले आणि बाराचे सव्वीस झाले.

इकडं सप्टेंबरातच दोन समीक्षकांची उत्तरं आली होती. पहिल्यानं लिहिलं की लेख चांगला आहे. दुसऱ्यानंही तसंच लिहिलं, पण पुढं जोडलं की शोध घेऊन वर्ष उलटून गेलं आहे, तेव्हा तो पुन्हा घ्यावा. शोध जुना झाला होता कारण लेख नऊ महिने त्यांच्याकडेच पडून होता. बाईंनी हे पत्रात लिहिलं नाही. पुन्हा शोध घेतला. एकशे एकतीस नवे लेख निघाले, त्यातले दोन अभ्यास बसले, अकराचे तेरा झाले, मी गणित पुन्हा केलं. निष्कर्ष तोच आला. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही सुधारलेला आढावा पाठवला.

मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ग्रंथालयाला कुलूप लागलं आणि दीपमालाबाईंना कोविड वॉर्डाबाहेरच्या टेबलावर बसवलं. दाखल रुग्णांच्या घरी रोज फोन करून तब्येत कळवायची, असं काम. त्यांनी ते चौदा महिने केलं. आवाज चढू द्यायचा नाही, पडू द्यायचा नाही, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय त्याहून एक शब्द जास्त सांगायचा नाही. लोक विचारायचे, बाई, वाचेल ना? त्या म्हणायच्या, आज सकाळी ऑक्सिजन इतका आहे, काल इतका होता. काही जण त्यांच्यावर ओरडत. काही जण घरचा रुग्ण बरा झाल्यावर त्यांना बघायला येत आणि, तुम्हीच का त्या, असं विचारून हात जोडत. त्या काळाबद्दल बाई फारशा बोलत नाहीत. मला एकदाच म्हणाल्या, “आकडा सांगितला की लोक थोडे शांत होतात सर. आकडा वाईट असला तरी.”

त्या दीड वर्षात नियतकालिकानं आम्हाला एकही पत्र पाठवलं नाही. कोविडवरचे आढावे तीन-तीन आठवड्यांत छापून येत होते. हत्तीपायानं कुणी त्या आठवड्यात मरत नसतं. बोंडेसर मधेच मस्कतला गेले. विभागप्रमुख निवृत्त झाले. तिवस्याकडचे शुक्रवार बंद पडले, पण लोक घरी पाय धूत होते आणि सत्यभामाबाई फोन करून रजिस्टर भरत होत्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या संपादकांचं पत्र आलं. आधीचे संपादक सोडून गेल्याचं त्यांनी कळवलं, उशिराबद्दल खेद व्यक्त केला आणि शेवटी लिहिलं की शोध घेऊन दोन वर्षं झाली आहेत, तो पुन्हा घ्यावा.

जानेवारीत बाई छापील कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

“चौऱ्याण्णव नवे निघाले. सत्तावन्नावा बघा.”

मी बघितला. राज्यातल्या एका लहानशा नियतकालिकात आलेला चार पानी लेख. लेखक डॉ. योगेश काळबांडे, तिवसा तालुक्यातले वैद्यकीय अधिकारी. सव्वीस रुग्ण, अठरा महिने, घरी रोज पाय धुणे. सत्यभामाबाईंचं रजिस्टर त्यांनी बघितलं होतं आणि त्यावरून लेख लिहिला होता. शेवटी आभार होते: आरोग्यसेविका सत्यभामा ढोके यांचे, आणि वाचनसाहित्य पुरवल्याबद्दल अकोल्याच्या ग्रंथपाल दीपमाला तायडे यांचे.

“तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. भामेलाही नव्हतं. तिला वाटलं, साहेबांनी रजिस्टर तपासायला नेलं.”

“आपल्या निकषात बसतो हा.”

“बसतो. म्हणजे तुम्हाला गणित पुन्हा.” त्यांनी आभारांच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि यावर निर्णय द्यायला मी बसू शकत नाही. माझ्या अकरा चिठ्ठ्या त्यामागे आहेत. संपादकांना कळवावं लागेल.”

मी म्हणालो, “बाई, पाच वर्षं होत आली. शेवटच्या ओळीतले आभार कोण वाचतं?”

“मी वाचले,” त्या म्हणाल्या.

त्यांनी कळवलं. त्यांच्या जागी तो अभ्यास मी आणि मस्कतहून बोंडेसरांनी तपासला. माझं मत काही चांगलं पडलं नाही. न धुणाऱ्यांचा वेगळा गट नाही, तुलना नाही, फक्त आधी इतकं आणि नंतर इतकं. मी त्याला सगळ्यात खालचा दर्जा दिला. बाईंनी विचारलं, “फारच वाईट आहे का?” मी हो म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि तक्त्यात तसं भरलं. सत्यभामाबाईंना त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमी पाय धुवून राहिलो होतो माय. अभ्यास कोण करून राहिलं होतं?”

सुधारलेला आढावा जूनमध्ये गेला. नियतकालिकाच्या नीती समितीनं बाईंच्या आभाराच्या ओळीवर पाच महिने विचार केला. निर्णय असा आला की यात हितसंबंध गुंतलेले दिसत नाहीत, तरी तळटीप द्यावी. बोंडेसरांनी याच सुमारास लिहिलं की आता मला वेळ होत नाही, पहिलं नाव आणि पत्रव्यवहार तायडे मॅडमकडे द्यावा, कारण काम त्यांनीच केलंय. हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. नाव बदलायच्या अर्जात पदव्यांची यादी होती आणि त्यात ग्रंथालयशास्त्र नव्हतं. बाईंनी ‘इतर’वर खूण केली. ‘इतर’वर खूण केलेले अर्ज वेगळ्या माणसाकडे जातात, आणि तो माणूस तीन आठवडे रजेवर होता.

पुढचं वर्ष नव्या समीक्षकांत गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आढावा स्वीकारल्याचं पत्र आलं. शोध पुन्हा घ्या असं त्यात नव्हतं. बाईंनी ते दोनदा वाचून खात्री करून घेतली. मार्चमध्ये छापून आला. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. बाई शाल घडी करून पिशवीत ठेवून नेहमीच्या गाडीनं घरी गेल्या.

पुंजाजी तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. पाय धुऊन ओट्यावर बसले होते. बाईंनी त्यांना निष्कर्ष मराठीत वाचून दाखवला: रोज पाय धुण्यानं ताप-लालीचे झटके बहुधा कमी होतात, मात्र पुराव्याची खात्री कमी आहे.

“खात्री कमी काहून?”

“ज्यायनं पाय धुतले त्यायले माहीत होतं ना, आपण धुवून राहिलो म्हणून. त्याच्यानं माणसाले उगाच बरं वाटू शकते. खरा अभ्यास म्हणजे त्याले कळलं नाही पाह्यजे.”

“पाय धुवून राहिलो हे त्याले कळलं नाही पाह्यजे?”

“हो.”

पुंजाजींनी आपल्या पायाकडे बघितलं. “तसं धुता येत नाही,” ते म्हणाले.

“नाही येत,” बाई म्हणाल्या. “थेही लिहिलं हाय आत.”

पुढच्या शुक्रवारी त्यांनी रजा काढली आणि आढाव्याचा मराठी सारांश दोन पानांवर छापून तिवस्याच्या एसटीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या उपकेंद्र पहिल्यांदाच बघत होत्या. सत्यभामाबाईंनी पानं घेतली, वाचली, भिंतीवर चिकटवली आणि म्हणाल्या, बरं झालं, आता साहेब लोक विचारणार नाहीत. मग बाईंना घमेल्यापाशी बसवलं, कारण त्या दिवशी माणसं जास्त होती.

बाईंच्या समोर आल्या त्या पार्वताबाई, साठीच्या, वरखेडकडून पहिल्यांदाच आलेल्या. बाईंनी त्यांचा पाय धुतला, बोटांमधलं पाणी फडक्यानं टिपलं आणि घरी कसं करायचं ते सांगितलं.

“किती दिवस?” पार्वताबाईंनी विचारलं.

“रोज.”

“थे समजलं. पण किती दिवस? साल, दोन साल?”

चौदाही अभ्यास बाईंना पाठ होते. सगळ्यात लांबलेला अभ्यास दोन वर्षं चालला होता. “दोन सालापर्यंत फायदा दिसते,” त्या म्हणाल्या. “त्याच्यापुढं कोणी मोजलंच नाही.”

“काहून?”

बाईंनी हे मला सोमवारी ग्रंथालयात सांगितलं. अभ्यास का थांबतात याची कारणं त्यांना माहीत होती, पण ती समोरच्या बाईला सांगण्यासारखी नव्हती. पार्वताबाईंनी पाय पुढं घेऊन चप्पल घातली.

“मी मोजतो मंग,” त्या म्हणाल्या, आणि सत्यभामाबाईंना विचारलं की हे लिहायला वही इथूनच मिळते की घरची आणायची.